हरळीचा पट्टा

बडोदे,
श्रावणातला शेवटचा रविवार

प्रिय आशय,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू आधी दचकशील आणि मग हसशील. एकाच शहरात, वाडीतून वासणा रोडला पत्र! रिक्षात बसले तर इथे प्यालेला चहा पोटात गरम असेपर्यंत तुझ्या दारात पोचते मी. पण दारात पोचून काय होतं ते आपल्या दोघांनाही ठाऊक आहे. तुझी रूपाली चहा टाकायला आत जाते, तू माझ्या गुडघ्याची चौकशी करतोस, मी तुझ्या शुगरची करते, आणि शेताचा विषय निघाला की तुझा फोन वाजतो. फोनवर तर सोयच नाही. “चल ताई, पछी वात करीए,” म्हणतोस, आणि ते ‘नंतर’ गेल्या दसऱ्यापासून काही उजाडलेलं नाही. कागदाला कुणाचा फोन येत नाही, म्हणून कागद घेतला. बसून वाच.

तू उत्तर मागितलं आहेस. यंदा नवरात्राला शेत पुन्हा द्यायचं, या वेळी निम्मं नाही, सगळं. आणि नवरात्र उरकलं की ते तसंच ठेवून त्याचा कायमचा पार्टी प्लॉट करायचा, लग्नकार्यांना भाड्याने द्यायला. मयंक तुझा मंडपाच्या धंद्यातला भागीदार, त्याला शब्द द्यायचा आहे, तेव्हा ‘हो’ की ‘ना’ एवढंच कळव, असा तुझा निरोप. पार्टी प्लॉटला माझी सही लागते म्हणून विचारतो आहेस, हे न कळण्याइतकी मी भोळी नाही. गेल्या वर्षी सही लागत नव्हती, तेव्हा विचारलं नव्हतंस. तर एक शब्द देईन, पण तो शेवटी. माती तपासण्याच्या प्रयोगशाळेत माझी सगळी नोकरी झाली. तिथे नमुना आधी वाळवतात, कुटतात, चाळतात आणि मग तोंड उघडतात. ती सवय आता या वयात कुठे सोडू?

आधी बातमी. तूर गेली. डभोई रस्त्याकडच्या निम्म्या भागात, म्हणजे जिथे तुझा गरबा झाला तिथे, मी यंदा तूर पेरली होती. उगवली छान. गुडघ्याला लागेपर्यंत मलाही वाटलं, वाचलो. मग आषाढात पावसाने झोडपलं आणि जे पाणी साचलं ते हलेना. बांधापलीकडे विक्रमसिंहांच्या शेतात तेवढाच पाऊस पडला. त्यांची तूर उभी आहे. आपली आधी पिवळी पडली, मग तिने मान टाकली. पाण्यात उभं असलेलं पीक तहानेने मेल्यासारखं दिसतं, हे तुला विचित्र वाटेल. पण मुळांना पाणी लागतं तशी हवाही लागते. मातीतली हवा कोंडली की मूळ गुदमरतं आणि भरल्या ताटावर बसून त्याला घास घेता येत नाही. मी एक रोप उपटून पाहिलं. तुरीचं मूळ एरवी सरळ खाली जायला निघालेलं असतं, त्याला अडवावं लागतं. हे वीतभर खाली गेलं होतं आणि तिथून कोपरात दुमडलेल्या हातासारखं आडवं वळलं होतं. खाली वाट नव्हती. ते रोप मी वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणलं, तुला दाखवायचं म्हणून. स्वयंपाकघराच्या खिडकीत वाळतं आहे.

गेल्या वर्षी मी इथे नव्हते. गुडघा बदलून घेतला होता आणि पुण्याला मोहनाकडे पडून होते. आपली मावसबहीण ती, पण सख्ख्या बहिणीसारखं केलंन माझं. एका सकाळी तिने फोन माझ्या हातात दिला, ईशानीचा व्हिडिओ आला होता. तुझी लेक चनिया-चोळीत गिरक्या घेत होती, इतकी गोड दिसत होती की आधी मला बाकी काही दिसलंच नाही. खाली लिहिलं होतं, ‘आत्या, तुझं शेत इतकं सॉफ्ट आहे, पाय जरापण दुखत नाहीत!’ मग मागचे दिवे दिसले, मांडव दिसला, मोटरच्या खोलीवर टांगलेला तुमच्या कंपनीचा फलक दिसला. अशी कळली मला बातमी. दसऱ्याच्या दिवशी तिने पुन्हा लिहिलं, ‘आता ग्राउंड मस्त कडक झालंय, स्टेडियमसारखं.’ त्या पोरीचा काही दोष नाही. पण मी जन्मभर मातीचे अहवाल लिहिले, आणि एका शेताचं काय झालं ते इतक्या थोडक्यात मला कधी सांगता आलं नाही.

मी फोन केला तेव्हा तू म्हणालास, “ताई, खाली जमीन होती. काही पेरलेलंच नव्हतं तिथे. अने बधा उघाडा पगे रमे छे, बूट घालून थोडंच कुणी नाचतं!” खाली जमीन. तुझ्या गुजरातीतलं ‘खाली’, म्हणजे रिकामी. हा शब्द तेव्हापासून माझ्या डोक्यात बसला आहे. अरे, तिथे जूनमध्ये ताग पेरला होता, फुलावर आल्यावर तो मातीत गाडला होता, वरून गादीवाफे पुन्हा भरून घेतले होते. जमीन जेवून झोपली होती. रिकामी नव्हती. आणि रिकामं म्हणशील तर चांगल्या मातीचा जवळजवळ निम्मा भाग रिकामाच असतो. मातीचे कण एकमेकांना धरून रवे होतात, रव्यांच्या मधे पोकळी राहते. मोठ्या पोकळीतून पाणी खाली उतरतं आणि हवा आत येते, बारीक पोकळीत पाणी धरून राहतं. पीक त्या पोकळीवर जगतं. तुला जिथे काहीच दिसलं नाही, ते बनवायला आमचं निम्मं आयुष्य गेलं. अनवाणी पायांचं मला सांगू नकोस. पायांच्या आधी तू रोड रोलर आणलास, गाद्या सपाट केल्यास, धूळ उडू नये म्हणून रोज टँकरने पाणी मारलंस आणि ओल्या मातीवरून पुन्हा पुन्हा रोलर फिरवलास. जनरेटरचा ट्रक आत आणलास. कोडगी, पडीक जमीन असती तर तिला एवढं लागलं नसतं. जी सगळ्यात मऊ करून ठेवली होती तीच सगळ्यात जास्त चेपली गेली.

तुला ती जमीन घेतली तेव्हाचं आठवत नसेल, तू फार लहान होतास. विक्रमसिंहांच्या वडिलांनी ती विकायला काढली होती, कारण त्यात काही येत नव्हतं. काळी चिकण माती. पावसात पाय घातला तर चप्पल आत राहायची आणि उन्हाळ्यात एवढ्या भेगा पडायच्या की आईची किल्ली एका भेगेत पडली ती कायमची गेली. आई कपाळाला हात लावून म्हणाली होती, यांना रिफायनरीतलं तेल पुरेना म्हणून चिखल घेतला. पण बाबा ऑपरेटर होते. दाब किती आणि प्रवाह किती, यावर त्यांची पाळी चालायची. त्यांनी शेताकडेही तसंच बघितलं. पाणी जात नाही, म्हणजे कुठे तरी तुंबलं आहे, ते शोधायचं. वर्कशॉपमधल्या मित्राकडून त्यांनी एक पोलादी सळई करून घेतली, वर मूठ असलेली, आणि पावसाळा संपला की ती मातीत हाताने दाबत हिंडायचे. जिथे अडेल तिथे दगडासारखा थर. भंगार बाजारातून जाड पाइपचा एक तुकडा आणला. तो जमिनीत रुतवायचा, तांब्याभर पाणी ओतायचं आणि चहा पीत बघत बसायचं, पाणी आधी संपतं की चहा.

पहिल्या वर्षी चहा संपला, पाणी तसंच. मग मी आणंदला शेतकीच्या कॉलेजात गेले आणि आमची जोडी जमली. मी पुस्तकातलं आणायची, ते करून बघायचे. शेणखत, एरंडीची पेंड, ताग. पाऊस पडून गेला की माती मुठीत दाबून तिचा लाडू करायचा आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडायचा. फुटला तर वाफसा आला, कामाला लागा; फुटला नाही तर घरी जा. किती रविवार आम्ही डबा घेऊन गेलो आणि न फुटलेला लाडू बघून तसेच परत आलो. आणि सगळ्यात वरचा नियम: गादीवर पाय नाही. चालायचं ते दोन गाद्यांमधल्या सरीतून. माणूस असो, बैल असो, पाहुणा असो. सरीने दाब खायचा, गादीने पीक द्यायचं. काकांना, मामांना, लग्न ठरवायला आलेल्या माणसांनासुद्धा बाबा सरीतून चालवत न्यायचे. त्यातला एक गृहस्थ परत आलाच नाही. बरंच झालं म्हणा.

आता तुझी गोष्ट. ती मी टाळणार नाही. मी आणंदहून सुट्टीला आले होते, तू दहाएक वर्षांचा असशील. आदल्या दिवशी पाऊस झाला होता. तू एकटाच चेंडू मोटरच्या खोलीच्या भिंतीवर मारून खेळत होतास. चेंडू नुकत्या पेरलेल्या गादीत गेला आणि तू त्याच्यामागे धावलास, या टोकापासून त्या टोकापर्यंत. बाबांनी तुला ओढून बाहेर काढलं आणि मुस्काटात मारली. तसं त्यांनी आधी कधी मारलं नव्हतं, नंतरही नाही. तू रडत मोटरच्या खोलीत जाऊन बसलास. आणि बाबा गुडघ्यावर बसून तुझं एकेक पाऊल बोटांनी मोकळं करत राहिले. त्यांच्या तेराव्याला, लोक गेल्यावर, तू मला म्हणालास, “ताई, त्या दिवशी त्यांनी माझी सगळी पावलं पुसली, पण मला उचललं नाही.” ते खरं होतं. त्यानंतर तू शेतावर यायचाच बंद झालास. कॉलेजात असताना जेवणाच्या पानावर सांगितलंस, मला त्या शेताचं नाव काढू नका. माणसाने पाय ठेवायचा नाही अशी कसली जमीन, हे तुझं वाक्य. बाबांनी ताटातला भात संपवला आणि हात धुवायला उठले.

म्हणून मला वाटतं की गेल्या वर्षीचं सगळं नुसत्या धंद्यापोटी झालं नाही. मोहनाकडे पडल्या पडल्या मी तुझा फोटो पुन्हा पुन्हा पाहिला. स्टेजवर उभा, हातात माइक, पांढरा झब्बा, आणि समोर सबंध बडोदं नाचतं आहे. ज्या मातीवर तुला एक पाऊल टाकू दिलं नाही तिच्यावर तू हजारो पावलं आणलीस. तुझ्या चेहऱ्यावरचं समाधान मी ओळखते, लहानपणी पत्त्यात जिंकलास की तसाच दिसायचास. मला तुझा राग आला, आशय. अजून आहे. बाबांवर सूड उगवायचा होता तर त्यांच्या फोटोवर उगवायचास. ते गेले तेव्हा त्यांच्याकडे ती जमीन नव्हतीच, ती माझ्याकडे होती. नोकरी सांभाळून दर रविवारी, मग निवृत्तीनंतर रोज, सरीतून चालत होते ती मी. घरात लग्नकार्य असलं की तू पाहुण्यांना हसवायचास, आमच्या ताईने मातीशी लग्न केलं. लोक हसायचे, मीही हसायची. आता विचारते, त्यात हसण्यासारखं काय होतं?

पुण्याहून आले ती काठी टेकत आधी शेतावर गेले. सळई घेतली. बाबा गेले त्या वर्षी ती मुठीपर्यंत जात होती, लोण्यात सुरी जावी तशी. आता चार बोटं गेली आणि अडली. सगळं अंग टाकलं तरी हलेना, वर नवा गुडघा बोंब मारायला लागला. पाइपचा तुकडा रुतवून पाणी ओतलं, चहा प्याले, कप विसळला, बांधावर जाऊन विक्रमसिंहांशी दोन गोष्टी बोलले, आणि परत आले तरी पाण्यात आभाळ दिसत होतं. थंडीत नांगर घातला तर माती रवाळ निघेना, फरशीसारखे चिरे निघाले. काळ्या मातीचा एक गुण आहे, ती वाळताना फाटते, भिजताना फुगते, आणि असं करत करत स्वतःला थोडंफार दुरुस्त करते. त्या आशेवर उन्हाळा काढला. वरचा थर थोडा सुटला, खालचा नाही. खाली ट्रकचं वजन पोचलं होतं. आणि मग पाऊस आला आणि तूर गेली, ते तुला सांगितलंच.

आता पुढचं नीट वाच. शेत तळ्यासारखं भरलं होतं तेव्हा मी मोटरच्या खोलीशी उभी होते आणि माझ्या पायाखाली पाणी नव्हतं. खोलीच्या समोरचा तो हरळीचा पट्टा तुला आठवत असेल. वाटण्या बोलताना तू त्यावर बोट ठेवून म्हणाला होतास, म्हाताऱ्याने एवढी जागा फुकट घालवली. तिथे गरब्याच्या वेळी तुझे खाण्याचे स्टॉल होते, लोक तिथेच चपला काढत होते, रोलर त्यावरूनही गेला होता. तरी पाऊस थांबल्यावर तिथलं पाणी संध्याकाळपर्यंत जिरलं. मी सळई टेकवली. वरती जरा घट्ट, आणि मग आत, आणखी आत. मला कळेना. मग माझ्यातली प्रयोगशाळा जागी झाली. ती जमीन कधी नांगरलीच नव्हती. वर्षानुवर्षं हरळीची मुळं तिच्यात विणली गेली, एक कुजलं की त्याच्या जागी पोकळ नळी, तिच्यातून दुसरं. माती मोकळीही आणि बांधलेलीही. अशी जमीन पाय सोसते. मैदानावर गवत राखतात ते त्यासाठीच. पिकाची जमीन आणि खेळायची जमीन यांची घडणच वेगळी, हे मी कितीतरी वर्षं प्रयोगशाळेतल्या नव्या पोरांना शिकवत आले, आणि स्वतःच्या शेतात मला ते दिसलं नव्हतं.

कारण मी उलटंच विचारत आले होते. हरळी म्हणजे बाबांची वैरीण. गादीत एक काडी दिसली तरी मुळासकट खणून, वाळवून जाळायचे. मग या पट्ट्यात ती का राखली? मी विचारलं की म्हणायचे, मोटरपुढे जागा लागते. पण मोटरीला एवढी लांब जागा कशाला? आणि उन्हाळ्यात, विहिरीला पाणी कमी असताना, ते नळी ओढत तिथे पाणी मारायचे ते कशाला? मी मान वर केली आणि खोलीच्या भिंतीकडे पाहिलं. तुमच्या मंडपवाल्यांनी फलकासाठी चिकटपट्ट्या लावल्या होत्या, त्या ओढून काढताना चुन्याचे पापुद्रे निघून आले होते. खाली डांबराच्या तीन उभ्या रेघा होत्या, शेजारी शेजारी, तुझ्या लहानपणीच्या कमरेएवढ्या. वरती एक आडवी. तशा रेघा मी पूर्वी पाहिल्याही असतील. रिफायनरीतला माणूस, कशावर ना कशावर खुणा करतच असायचा, म्हणून लक्ष दिलं नसेल. या वेळी मात्र मी पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला गेले आणि तिथून पाहिलं, आणि तशीच बांधाकडे वळले.

विक्रमसिंहांना विचारलं. ते आता थकले आहेत, बांधापर्यंत येतात आणि बाजेवर बसतात. ते हसले, म्हणाले, “बेन, तमने खबर नथी?” त्या थपडेनंतर पुढच्याच रविवारी बाबांनी तिथला गादीवाफा मोडला, बांधावरची हरळी आणून लावली आणि भिंतीवर स्टंप काढले. विक्रमसिंहांनी त्यांची चेष्टा केली, पोराला बोलावून सांगा ना. तर बाबा म्हणाले, “छोकरो एक दिवस पूछशे, पप्पा, आ जग्या केम खाली राखी छे? त्यारे कहीश.” पोरगा कधीतरी विचारील, ही जागा रिकामी का ठेवली, तेव्हा सांगेन. तू विचारलं नाहीस. पानावर तू ते वाक्य बोललास त्याच वर्षीच्या दिवाळीत त्यांनी भिंतीला चुना मारला. गवताला पाणी घालणं मात्र सोडलं नाही.

तुला आता वाटेल ताई वितळली. नाही रे. घरी येऊन मी खूप रडले, आणि ते तुमच्या दोघांच्या प्रेमाने नव्हतं. मला बाबांचा राग आला, असा राग की फोटोला हार घालवेना. पोराला मारलं तर त्याच्यासाठी आख्खी एक गादी मोडली. तोंडाने एक शब्द बोलायचा तेवढा बोलले नाहीत, जन्मभर गवताला पाणी घालत बसले. आणि तूही तसलाच, तोंड फिरवून बसलास. दोघांच्या मधल्या सरीतून चालत राहिले ती मी. मी कधी गादीवर पाय ठेवला नाही, म्हणून मला कधी मार बसला नाही. आणि मार बसला नाही म्हणून माझ्यासाठी त्या शेतात वीतभरही जागा कुणी मोकळी सोडली नाही. तू पळून गेलास तर तुझ्यासाठी गवत राखलं. मी राहिले, तर मला सळई दिली. हे मी कुणाला सांगू? मोहनाला सांगितलं तर म्हणेल, एवढ्या वयात काय हे.

तर आता तुझं उत्तर. ना. शेत मिळणार नाही, निम्मंही नाही. मयंकला सांग दुसरी जागा बघ. मी पुन्हा ताग पेरणार आहे, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा ताग, आणि खालचा थर माझ्या हयातीत सुटला नाही तर नाही सुटला, तो माझा आणि त्या मातीचा प्रश्न आहे. पण नुसतं ‘ना’ म्हणायला मला एवढा कागद लागला नसता. हे लिहिलं ते यासाठी की बाबांनी तुला जागा ठेवली होती, हे तुला सांगणारं माझ्याशिवाय आता कुणी उरणार नाही, आणि ते न सांगता मरायला मी काही आपले बाबा, सुभाषराव, नाही. तो पट्टा तुझा होता. सध्या मी घेतला आहे. रोज संध्याकाळी जाते, चपला खोलीच्या पायरीशी काढते आणि त्या गवतावर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालते, मधोमध, कुणाला न विचारता. पायांना इतकं बरं वाटतं की स्वतःचीच कीव येते. तुला तो हवा असेल तर ये, एकटा ये, मंडपाची माणसं न आणता, आणि माझ्यासमोर उभा राहून विचार की ही जागा रिकामी का ठेवली होती. बाबांनी तुझ्या विचारण्याची वाट पाहिली. मीही पाहणार आहे. फरक एवढाच की मी तुला सांगून वाट पाहते आहे.

तुझीच,
ताई